शिवेवर टांगलेला नाकेदार

कोसमटोल्याचं जंगल राखणाऱ्या नथ्थू नाकेदाराचा अंतर्गळ फाल्गुनात बळावला आणि त्याला गाडीत आडवं घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. ऐन वणव्याच्या दिवसांत कोसमटोल्याचं जंगल उघडं पडलं. बदली माणूस पाठवावा तर कोसमटोल्याचं नाव ऐकल्याबरोबर रेंजमधल्या प्रत्येकाला काही ना काही आठवायचं. कुणाची आई आजारी, कुणाचे डोळे आलेले. शेवटी रेंजर साहेबांनी गावातल्याच वारलूला बोलावणं पाठवलं.

वारलू जातीने गोंड, वय पन्नाशीकडे झुकलेलं. उन्हाळाभर वणवा अडवायच्या जाळरेषा साफ ठेवायच्या आणि धूर दिसला की धावायचं, हे काम तो जन्मभर करत आलेला. साहेबांनी त्याला नथ्थूचा खाकी कोट दिला, पितळी बिल्ल्याचा पट्टा दिला आणि तोडलेल्या लाकडावर सरकारी छाप मारायचा हातोडा दिला.

"नथ्थू येईपर्यंत तू नाकेदार," साहेब म्हणाले. "काम नीट केलंस तर पावसाळ्यानंतर कायमच्या जागेसाठी तुझं नाव चांद्याला पाठवतो."

वारलूने आजवर तीन-चार नाकेदारांच्या वळकट्या डोक्यावर वाहिल्या होत्या. आपली वळकटी कुणीतरी वाहील असं त्याच्या स्वप्नात आलं नव्हतं. तो कोट घालूनच घरी आला. कोट नथ्थूच्या मापाचा, म्हणजे दोन वारलू मावतील एवढा. बायको सोमारीने त्याला मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाली, "आतमंधी अजून कोन हाय?"

इथे कोसमटोल्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. हे वनग्राम, म्हणजे जंगल खात्याने आपल्या कामाला माणसं हवीत म्हणून वसवलेलं गाव. लोकांनी खात्याचं काम करायचं, त्या बदल्यात कसायला तुकडा आणि निस्तार. निस्तार म्हणजे जळणाचं लाकूड, छपराचा बांबू, लग्नाच्या मांडवाचं लाकूड जंगलातून फुकट आणायचा हक्क. तो हक्क गावातल्या घरांचा. नाकेदार गावात राहिला तरी गावाचा नव्हे, तो सरकारचा. त्याला लाकूड हवं असेल तर त्याने वर अर्ज करायचा. आजवर यात काही अडचण आली नव्हती, कारण आजवर नाकेदार गावाचा कधी नव्हताच.

गावाचंही नाकेदाराविषयी आपलं शास्त्र होतं. नाकेदार कोटात असतो, असं ते शास्त्र. एकदा नथ्थू आपला कोट तोडलेल्या झाडाच्या एका ठुंठावर ठेवून नाल्यात आंघोळीला गेला आणि तिथून परस्पर घरी निघून गेला. दिवसभर त्या ठुंठाच्या आसपास कुणी कुऱ्हाड चालवली नाही, आणि तोच नथ्थू उघड्याने चावडीपुढून गेला तेव्हा कुणी बिडीसुद्धा लपवली नाही. बाहेरचा माणूस याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. जन्मभर ज्याच्याकडून दटावून घेतलं तो कोटच होता, आतली माणसं दर दोन वर्षांनी बदलायची.

कोट घरात आला आणि वारलूचं गावातलं बसणं-उठणं सुटलं. चावडीजवळ तो आला की गप्पा थांबत. गावपाटील झिंगू हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्यालाच वारलूने विचारलं.

"काऊन रे, मले तंबाखूबी विचारत नाई कोनी?"

"नाकेदाराले कसा विचारावं?" झिंगू म्हणाला. "आमी इथी बांबू कुठी बरा हाय ते बोलतो. तुह्या पुढं बोललो तं तुले पकडा लागन. तुलेच तरास."

"मी कोट खुंटीले टांगून आलो ना."

"खुंटी गावातच हाय ना पन," झिंगू शांतपणे म्हणाला.

यात राग नव्हता, म्हणून वारलूला भांडताही येईना. वाईट मात्र वाटलं, आणि ते त्याने सोमारीला सांगितलंही. सोमारी म्हणाली, "पावसाळ्यानंतर कायम होशीन मंग सवय होईन." तिला ती नोकरी हवी होती. तिचा तुकडा दगडाचा होता आणि नवऱ्याचे गुडघे बोलायला लागले होते, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

वैशाखात मुलीचं, सुकरीचं, लग्न ठरलेलं होतं. कोसमटोल्यात मांडवाची मधली मेढ मोहाची लागते, आणि ती मुलीच्या बापाने आपल्या कुऱ्हाडीने तोडून आपल्या खांद्यावरून अंगणात आणायची असते. वाटेत खाली टेकवायची नाही. टेकवली तर ते नुसतं लाकूड, मेढ नव्हे. खांदा बदलावा, थांबावं, पण जमिनीला लागू देऊ नये. ज्या मुलीला बाप नाही तिची मेढ गावपाटील आणतो, आणि ती सासरी जाताना बायका गाण्यात तिला बिनबापाची म्हणून रडवतात. सुकरी ही वारलूची एकुलती एक. ती पाळण्यात असल्यापासून वारलूने नाल्याकाठच्या एका मोहाच्या सरळ फांद्यावर डोळा ठेवला होता. दरवर्षी मोहफुलं वेचताना तो फांदा बघून यायचा.

आता ती मेढ त्याने कोणत्या हक्काने तोडायची? मोह हे फळझाड, निस्तार किंवा परवानगी यांवाचून त्याला हात लावता येत नाही. नाकेदार असल्यावर तर ते त्यालाच माहीत असायला हवं. म्हणून तो कोट घालून, उन्हातान्हात चालत रेंज ऑफिसात गेला.

ऑफिसात पत्रू बाबू होते. मनाने वाईट नव्हते, पण नियम सांगताना त्यांना जेवल्यासारखं समाधान व्हायचं.

"तू कोन म्हनून आला आहेस?" त्यांनी विचारलं. "नाकेदार म्हनून का वारलू म्हनून?"

"दोन्ही एकच ना जी."

"एकच कसे? नाकेदार म्हनून मागत असशीन तं तू पडला हंगामी. तुले नथ्थूचं काम भेटलं. त्याच्या सवलती त्याच्यासंगं दवाखान्यात हायेत. हंगामी मानसाले सवलत नाई."

"मंग वारलू म्हनून द्या."

"वारलूचा निस्तार बंद हाय. सरकारी नोकराले निस्तार नसते."

"पन सवलत बी नाई मनता."

"ते सवलतीचं झालं. हे निस्ताराचं," पत्रू बाबू म्हणाले, आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेले.

वारलूने रेंजर साहेबांना गाठलं. साहेब सरळ माणूस होते, सरळच बोलले. "हे बघ, कोट बदलला म्हणून माणूस लगेच त्या मंडळीतला होत नाही. त्याला वेगळा हुकूम लागतो, आणि तो वरून येतो. आणि जुन्या मंडळीतलाही राहत नाही. राहिला तर नाकेदारच गावचं लाकूड नेईल आणि नाकेदारच त्याला सोडून देईल. चालेल का?"

"नाई चालन जी," वारलूला कबूल करावं लागलं.

"मग? तुमचा पाटील आणेल ना मेढ. एक दिवसाची गोष्ट."

वारलू परत निघाला. साहेबांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. वाटेत त्याला एकदा रडू आलं. कोट घातलेला असल्यामुळे त्याने ते आवरलं, असं त्यानेच पुढे सांगितलं.

गावात सभा बसली. नाकेदाराला सभेत बसता येत नाही म्हणून वारलू कडुनिंबाखाली, ऐकू येईल इतक्या अंतरावर बसला. मग झिंगू म्हणाला, "कोट गावातून काढा. नाकेदार शिवेपार गेला का वारलू इथी उरतो. वारलूचा निस्तार हाय. त्यानं मेढ आनावं. सांजेले नाकेदाराले वापस घेऊन यावं."

सगळ्यांना हे एकदम पटलं. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. नाकेदारालाही पटलं. या जागी कुणी शाळा शिकलेला असता तर त्याने हात जोडून सांगितलं असतं की बाबांनो, ऑफिसच्या लेखी नाकेदार कोटात नसतो, हुकमात असतो. पण शाळा शिकलेला माणूस कोसमटोल्यात एकच, नथ्थू, आणि तो दवाखान्यात.

मांडवाच्या दिवशी सकाळी वारलू शिवेवर गेला. तिथे एक जुना बेहडा आहे, त्याच्या पलीकडे दुसऱ्या गावची बीट, म्हणजे दुसऱ्या नाकेदाराची हद्द. त्याने कोट काढून, झटकून फांदीला टांगला. त्यावर पट्टा टांगला, बिल्ला पुसून. हातोडा पट्ट्याच्या फासात अडकवला. मग तो नुसत्या धोतरावर परत फिरला. गावच्या तोंडाशी झिंगू उभाच होता. त्याने चंची सोडून तंबाखू पुढे केली आणि विचारलं, "कवा आलास, वारलू?"

"आत्ताच," वारलू म्हणाला.

दोघांनी तंबाखू मळली. इतक्या दिवसांनी ती खाताना वारलूला जे वाटलं ते आनंदापेक्षा फार वेगळं नव्हतं.

नेमका त्याच सकाळी रेंजर साहेबांचा दौरा निघाला. साहेब रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, पुढे, पत्रू बाबू मागे छत्री धरून. बेहड्याखाली बैल थबकले. फांदीला कोट, पट्टा, हातोडा, आणि माणूस कुठे नाही. महिनाभर त्या बाजूला एक वाघीण फिरत होती, तिने दोन म्हशी नेल्या होत्या.

"गेला बिचारा," पत्रू बाबू म्हणाले.

"वाघिणीने कोट काढून टांगला का?" साहेबांनी विचारलं.

पत्रू बाबूंनी यावर विचार केला. "ऊन होतं साहेब. त्यानंच आधी काढला असन."

साहेबांची नजर हातोड्यावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या हातोड्याने कुणीही ठेकेदाराने रात्रीत अर्धं जंगल सरकारमान्य करून टाकलं असतं. माणूस गेला याचं दुःख त्यांना झालंच, पण धास्ती हातोड्याची जास्त होती. त्यांनी तो स्वतः उतरवला, मांडीवर घेतला, कोट-पट्टा बाबूंकडून रेंगीत टाकून घेतला, आणि रेंगी गावाकडे पिटाळली.

चावडीवर झिंगू भेटला.

"नाकेदार कुठे आहे?"

"शिवेपार हाय जी."

"जिवंत आहे का?"

"टांगला हाय जी," झिंगू म्हणाला. "सांजेले आनतो."

साहेबांना कळेपर्यंत थोडा वेळ गेला. तेवढ्यात नाल्याच्या वाटेने खुद्द वारलू येताना दिसला. खांद्यावर मोहाचा ओला फांदा, त्याच्याहून उंच, सालीतून चीक गळत असलेला. मागे बायका, त्यात सोमारी, आणि सगळ्यांत मागे हळद लागलेली सुकरी. नवरीने यायचं नसतं, पण ती आली होती.

"ते लाकूड खाली ठेव आधी," साहेब गरजले.

"ठेवता येत नाई साहेब."

झिंगूने मेढेची रीत सांगितली. मग कोटाचं सांगितलं. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. मग ते आणि पत्रू बाबू रेंगीच्या सावलीत उभे राहिले आणि वारलू कोण याचा विचार सुरू झाला. वारलू उन्हात उभा होता.

"नाकेदार धरला तं ही चोरी," पत्रू बाबू म्हणाले. "वर हातोडा बेवारस टाकला. सरळ बडतर्फी."

"आणि गावकरी धरला तर?"

"गावकरी धरला तं हक्काचं लाकूड. पन त्यावर नाकेदाराचा छाप पाह्यजे."

"नाकेदार कुठे?"

"तोच तं लाकूड घेऊन उभा हाय, साहेब."

"म्हणजे नाकेदार धरायचा."

"धरला तं चोरी."

हे असं बराच वेळ चाललं. वारलूने एकदा खांदा बदलला. बदलताना फांद्याचं टोक खाली झुकलं, बायकांनी श्वास रोखला, आणि त्याने ते वर ओढून घेतलं. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दोन शहाणी माणसं सावलीत उभी राहून एका माणसाला तू कोण ते ठरवून देत होती, आणि तो मात्र ओल्या मोहाखाली वाकत चालला होता. तिथे असतो तर मी काहीतरी बोललो असतो. बहुतेक.

शेवटी साहेब पुढे आले. आवाज बदलला होता. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न नागपुरात झालं तेव्हा ते वणव्यात अडकले होते, आणि अक्षता पडून गेल्यावर पोचले होते, हे पत्रू बाबूंना माहीत होतं.

"वारलू, ऐक," साहेब म्हणाले. "ही मेढ तशीच पाटलाच्या खांद्यावर दे. जमिनीला लागणार नाही. पाटलाचा निस्तार आहे, त्याने आणली असं मी धरतो. तू रेंगीतला तो कोट घाल आणि छाप मार. झाडाला काय टांगलं होतं ते मी पाहिलं नाही, बाबूंनीही पाहिलं नाही. पावसाळ्यानंतर तुझं नाव चांद्याला जाईल. मी शब्द देतो."

याहून भलं बोलणं त्या चावडीवर कुठल्याच साहेबाने केलं नसेल. लोकांनी मान डोलावली. झिंगू पाटील पुढे येऊन वारलूच्या शेजारी खांदा टेकवून उभा राहिला. "दे," तो हळूच म्हणाला. "मी आनली का, तू आनली का. दोन पावलं तं राह्यली."

सोमारीने पदर तोंडाला लावला. तिने दे म्हटलं नाही, देऊ नकोस असंही म्हटलं नाही. वारलूने मान वळवायचा प्रयत्न केला, पण फांद्यामुळे मान वळेना, म्हणून सुकरी त्याला दिसली नाही. तो झिंगूच्या बाजूला थोडा कलला. झिंगूने हात वर केले. फांद्याचा भार अर्धा उचललाही गेला.

तसाच तो थांबला. त्या थांबण्यात खूप काही गेलं असणार. गुडघे, दगडाचं शेत, कुणीतरी वाहणार असलेली वळकटी.

"साहेब," तो म्हणाला, "नाकेदार दुसरा पाहा."

झिंगूचे हात खाली आले आणि सगळा भार परत त्याच्यावर पडला.

"विचार कर," साहेब म्हणाले.

"करून राह्यलो जी. वजन हाय म्हनून लवकर केला."

साहेबांनी हॅट सरळ केली. मग रेंगीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बाबू, कोसमटोल्याचा हंगामी नाकेदार आज सकाळपासून कामावरून कमी. जागा सोडून गेला. हा गावकरी वारलू, याच्या मुलीचं लग्न आहे, निस्तार चालू." आणि मग हलक्या आवाजात, "हातोडा द्या इकडे. छाप मीच मारतो."

छाप मारायला लाकूड टेकलेलं लागतं. हे टेकवता येत नव्हतं. वारलूने पाय फाकून घेतले, झिंगूने मागून कमरेला आधार दिला. साहेबांनी बुंध्याकडच्या टोकाची साल चाकूने काढली, हातोडा उचलला आणि ठोका दिला. ठोका लाकडातून खांद्यात गेला. वारलूच्या तोंडातून आवाज निघाला, पण मेढ सुटली नाही. लाकडावर छाप स्वच्छ उमटला.

अंगणापर्यंत सगळं गाव त्याच्यामागे गेलं. साहेबही गेले, आणि मेढ खड्ड्यात उभी राहून सोमारीने तिच्या बुडाशी पाणी ओतेपर्यंत हॅट हातात धरून उभे राहिले. मग जेवायला न थांबता निघून गेले. सोमारी दिवसभर नवऱ्याशी बोलली नाही. तिच्या हातची भाकर मात्र त्याच्या पानात इतरांच्या आधी पडली.

ऊन कलल्यावर सुकरीने टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून आणलं. वारलूचा खांदा काळानिळा झाला होता, एका जागी कातडं सोललेलं. ती मागे बसून तेल चोळत राहिली. अंगणात बायका मांडवावर डहाळे टाकत होत्या, त्यांचं गाणं चाललं होतं. त्यात बिनबापाचं कडवं नव्हतं.

"बा," सुकरी म्हणाली, "मले वाटलं, तू पाटलाले देशीन."

वारलूने अंगणातल्या मेढेकडे पाहिलं.

"मलेबी तसंच वाटलं, माय," तो म्हणाला.